काठ कुठे शिवला

अक्कलकोट रोड एमआयडीसी, दुपारचे अडीच.
इराबत्तींच्या केबिनमध्ये कूलर आहे, कूलरमध्ये पाणी नाही.
माझ्यासमोर एकशे बारा प्रश्न,
त्यांच्याकडे एकशे बारा उत्तरं तयार.

आग विझवायची नळकांडी? आहेत.
कालच आली असणार, टॅगची दोरी अजून पांढरी आहे.
बालकामगार? छे हो.
रंगाचं पाणी? टाकीत जातं, टाकीतून स्वच्छ निघतं,
पिऊन दाखवू का, म्हणतात अंबादासशेठ.
मी दाखवा म्हणते.
ते चहा मागवतात.

एका टॉवेलला पाणी किती लिटर लागतं?
हा प्रश्न ज्याने लिहिला
त्याच्या नळाला रोज पाणी येत असणार.
इथे पाचव्या दिवशी येतं, पहाटे तीनला,
हंड्यांच्या आवाजाने अख्खी गल्ली उठते.
मी त्याच गल्लीत वाढले.
हे लिहायला फॉर्मात जागा नाही.

एकाहत्तरावा : काम कारखान्याबाहेर दिलं जातं का?
नाही.

इथे माझं पेन थांबतं.
खाली शेडमध्ये मी शिलाईची मशिनं मोजलीत.
सहा. त्यातलं एक फडक्याखाली.
रोज चार हजार टॉवेल गाडीत चढतात,
प्रत्येकाला चार काठ.
हा हिशेब मला कंपनीने नाही शिकवला,
आईने शिकवला, डझनावर, पैशांत.

विडी घरकुलात राजमणी चिलका
भुवयांवर कापूस घेऊन दार उघडते.
आधी विड्या वळायची, आता काठ मारते.
गठ्ठा सकाळी येतो, संध्याकाळी जातो,
कुठून येतो ते रिक्षावाल्याला माहीत.
"पोरीला हात लावू देत नाही बगा मशिनला.
शाळेतनं आली की नुसतं धागे कापती."
मग माझ्या फाइलकडे बघून,
"धागे कापणं म्हणजे काम हाय का, अक्का?"

मी पाणी मागते. प्यायला.

खरं लिहिलं तर ऑर्डर करूरला जाईल
आणि हे मशिन गप्प होईल.
नाही लिहिलं तर मशिन चालू राहील
असंच, ह्याच दरात,
पोरगी मोठी होऊन त्याच्यासमोर बसेपर्यंत.

परत आले तर शेठनी मोबाइल पुढे केला.
"हे आजच आलंय. तुमच्याच ऑफिसातनं."
यंदा दर चार टक्के कमी करावेत, कळावे.
खाली खरेदी विभागाच्या मॅनेजरचं नाव.
तो आमच्या खालच्या मजल्यावर बसतो,
लिफ्टमध्ये भेटला की हसतो.
"तुम्ही वरनं विचारणार, कामगाराला काय देता.
खालचा सांगणार, देऊ नका.
आधी जिन्यात भेटा की हो एकदा दोघं."

नळकांड्यांबद्दल हा माणूस खोटं बोलला होता.
ह्याबद्दल नाही.

एकाहत्तराव्याला मी 'होय' केलं.
शेऱ्यात तिचं नाव लिहिलं, खोडलं.
मग लिहिलं : काठ घरोघरी शिवले जातात.
शिवणाऱ्यांना यादीत घ्या, कामावरून काढू नका.
दर आपला आहे, तोही तपासा.

स्क्रीन लाल झाली.
शेरा फार मोठा आहे, थोडक्यात लिहा.

मी घाम पुसायला सॅम्पलचा टॉवेल ओढला.
एका कोपऱ्यात धागा लोंबत होता,
कापायचा राहून गेलेला.