सातवं ठिकाण

सकाळी दहाच्या सुमाराला येतात ते,
वेशीपासून निघालेले, टोप्या सरळ करत.
पुढे अब्दुसमद, ऊन नसलं तरी छत्री उघडी.
सहावं ठिकाण मशीद, आठवं मसाल्याचा बाजार,
मधलं सातवं मी.

"या गल्लीचं नाव मकिना गिरगिर," तो सांगतो,
"शिवणयंत्रांच्या आवाजावरून पडलेलं. ऐका."
सगळे ऐकायला थांबतात
आणि मला पाय हलवावाच लागतो.
कापड नसेल तर नसेल.
सुईखाली नुसती हवा, तिला मी टीप घालतो.
ते माना डोलावतात.

पूर्वी नाव सांगायला माणूस लागत नसे.
आता आम्ही नऊ जण. त्यातला इद्रिस बहिरा झालाय,
चाकावर तळवा ठेवून बघतो, फिरतंय का ते.

अब्दुसमदच्या शाळेच्या चड्डीचं माप मीच घेतलेलं.
फार चुळबुळ करायचा. अजून एका पायावर उभा राहून बोलतो:
हरारच्या तटाची उंची, दरवाजे, कोण अमीर कधी,
मशिदी इतक्या की मोजाल तेव्हा आकडा वेगळा.
(हे खरं आहे. मी दोनदा मोजल्यात.)

चौथं ठिकाण निळ्या भिंतीचं घर.
पायातलं काढून आत जायचं,
उतरत आलेले ओटे, तांबडी जमीन,
भिंतभर टोपल्या, आणि दारावर गुंडाळलेला गालिचा.
"एक गालिचा, म्हणजे घरात लग्नाची एक मुलगी!"
लोक हसतात, फोटो काढतात.

तो गालिचा सलीहाचा.
तिचा लग्नाचा झगा मी बेतला होता,
एका अंगानं काळा, उलटवला की जांभळा,
बाहीत दोन बोटं माया सोडून.
मुलगा जिबूतीला गेला तो गेलाच.
झगा माझ्याकडेच पडून आहे,
वर्षातून एकदा घडी मोडून दुसरीकडे घालतो
म्हणजे रेघ धरत नाही.
गालिचा कुणी उतरवला नाही.
आता उतरवताही येणार नाही,
तो फेरीत आहे.

संध्याकाळी मी तीच फेरी उलटी चालतो.
मशिदीनंतरचा बोळ इतका अरुंद
की समोरून कुणी आलं तर एकानं भिंतीला पाठ लावायची,
अबोला असला तरी त्या दिवशीपुरता मोडतो.
कधी सलीहा येते, डोक्यावर पिठाचा डबा.
"गुडघा काय म्हणतोय?"
"चालवतोय यंत्र."
तिच्या खांद्याची धूळ माझ्या कोटाला लागते.

तटाच्या बुडाशी तरसांसाठी ठेवलेलं भोक आहे.
अंधार पडला की ती त्यातून आत येतात,
गल्लोगल्ली उष्टं-खरकटं संपवून जातात.
त्यांच्यापुढे छत्री धरून कुणी चालत नाही.

आत्ताच पोरगं निरोप देऊन गेलं:
काका, उद्या बावीस जण आहेत,
जरा जोरात.

दिव्याशी बसून
यंत्राला दोन थेंब तेल सोडलं.