काय गावला?

रात्री नऊला आईचे पाय पुसताना सापडला.
डाव्या तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी,
करवतीच्या दातांचा, अर्ध्या बोटाएवढा
शिंगाळ्याचा काटा.

"कवा लागला गो?"
"मना काय ठाव?"

शिंगाळा लागला की तांडेलसुद्धा
माहीमपर्यंत ऐकू जाईल असा बोंबलतो.
मी नऊ वर्षांची असताना
दांड्याच्या किनाऱ्यावर माझ्या टाचेत घुसला होता.
आईने कढत पाण्यात माझा पाय धरून ठेवला,
पहाटेपर्यंत, स्वतःचे हात पोळेस्तोवर,
आणि म्हणत राहिली,
हिचं दुखणं मला लागू दे.

आता तिला दुखणं लागत नाही.

दवाखान्यातल्या पोरीने सुई टोचली
तेव्हा थेंबच येईना.
एकतीस वर्षं कोयता धरलेली बोटं,
बर्फ, खवले, खारं पाणी,
कातडं झालंय नुसतं.
"मावशी, दुसरं बोट द्या."
सहाव्या बोटाला रक्त आलं.
यंत्राकडे बघून ती म्हणाली, तीनशे बारा.
आई म्हणाली, "किलोला?"

पोरगी हसली, आईही हसली.
मी फाईल उलटीपालटी करत राहिले.

डॉक्टरांनी विचारलं, गोड खाता का?
गोड कुठलं, साहेब.
पहाटे तीनला टेंपोतून भाऊचा धक्का,
लिलाव सुरू व्हायच्या आधी एक चहा,
लिलाव चढला की दुसरा,
हलवा हातचा गेला म्हणून तिसरा,
आणि टपरीवाला साखर विचारून थोडीच घालतो?
दुपारी पाटीमागे बसल्या बसल्या वडापाव,
कारण समोरची सुरमई
विकायची असते, खायची नसते.
गिऱ्हाईकांना ती सांगायची,
"पोराला खायला घाल, डोकं चालंल."
रात्री घरी यायचं ते उरलेलं,
मऊ पडलेले चार बोंबील,
आणि त्यांची लाज राखायला
रेशनच्या भाताचा डोंगर.
झोपायची अकराला. उठायची दोनला.
याला डॉक्टरांच्या कागदावर रकाना नव्हता.

बाबांचं वेगळं.
त्यांच्या उमेदीत जाळं आठ माणसं ओढायची,
रात्री उघड्या पाठी नुसत्या चमकायच्या.
मग विंच आली. बाबा बटणापाशी बसले.
मासळी लांब गेली, फेरी दहा दिवसांची झाली,
होडीवर तांदूळ, बटाटा, बिस्किटांचे पुडे,
आणि थंडीसाठी बाटली.
हिराजी तांडेलाचं पोट सुटलं
तेव्हा आळीतले म्हणाले, सुखाचं आहे.
पुढे त्यांनी इन्सुलिन बर्फाच्या खणात ठेवलं,
पापलेटांच्या शेजारी.
पापलेटं टिकली.
औषध गोठून वाया गेलं,
आणि पावसाळा संपायच्या आत
उजव्या पायाची दोन बोटं.

म्हणून काटा पाहिला
तेव्हा माझ्या हाताला कापरं भरलं.
आई निवांत टीव्ही बघत होती,
जणू तो पाय शेजारणीचा.

दुसऱ्या दिवशी मी पांढरे गमबूट आणले.
तिने पिशवीतच ठेवले.
"बूट घालून मावरा ईकू? पाय आंधले होतील."
मी काही बोलले नाही.
चौथ्या दिवशी तिने ते घातले,
बाजारात कुणीतरी म्हणालं, पोशी फौजदार झाली,
तर तिने कोयता उगारला म्हणे.

आता रोज रात्री जेवणं झाली
की मी मोबाईलची बॅटरी लावते,
तिचा पाय मांडीवर घेते,
आणि जाळ्यात फाटकं शोधावं तसं
बोटांच्या बेचक्यांतून, भेगांतून,
टाचेच्या कडेने हळूहळू पुढे सरकते.
तिचं लक्ष नसतं, तरी विचारते,
परतलेल्या होडीला विचारतात तसं,
"काय गावला?"

"कायच नाय," मी म्हणते.

आणि आई, सवयीने,
हळहळते.