पिशवीचं तोंड

जनता वसाहतीच्या चढावर
निळा डबा घेऊन मी धापा टाकत येते,
पोरं विचारतात, "मावशी, कुल्फी आहे का?"
आत बर्फाच्या पिशव्या, बत्तीस नळ्या,
आणि बत्तीस ब्रश,
बाहुलीचा भांग पाडावा एवढाले.

बायका मोरीत जातात, पडदा ओढतात,
आपला नमुना आपणच घेतात.
दुखलं का? – नाही.
अवघड वाटलं का? – नाही.
लाज वाटली का, याला फॉर्मात रकाना नाही,
नाहीतर तोच सगळ्यात आधी भरला असता.

गर्भाशयमुख हा शब्द पहिल्याच आठवड्यात
मी उताराला टाकून दिला.
आता म्हणते, पिशवीचं तोंड.
मग माना हलतात.
पिशवी सगळ्यांना ठाऊक आहे,
काढून टाकलेली, खाली आलेली, वाया गेलेली.
तिला तोंड असतं
हे मात्र बहुतेकींना नवीन.

"विषाणू म्हणजे रोग का गं?"
नाही काकू. पुष्कळ जणींना होतो हा कधीतरी,
आणि निघूनही जातो वर्ष-दोन वर्षांत,
करार संपलेल्या भाडेकरूसारखा,
किल्ली शेजारी ठेवून.
एखादीकडे मात्र ठाण मांडतो.
भिंत आतून पोखरायला
त्याला दहा-पंधरा वर्षं लागतात.
म्हणून आत्ताच बघायचं, दुखायच्या आधी.

दुखायच्या आधी!
हे वाक्य इथं कुणाच्या गळी उतरत नाही.
दुखणं अंगावर काढायचं,
अंगावरून गेलं तर फडकं बदलायचं,
आणि अंगावर चार मणी असतील
तेवढेच चारचौघींत दाखवायचे.

रहमत बागवान नळी हातात धरून थांबली.
"येतो कुठून हा?"
संबंधातून, म्हटलं.
"मग यांच्या नळ्या?"
मी डब्यात बघितलं, उगाच,
जणू तळाशी असतील.

बाणेरला लिफ्टनं वर जाते.
साखळी न काढता दार विचारतं, कोण?
"आमच्याकडे असलं काही नसतं हो."
पोळ्या लाटणारी आतून बघते,
तिचा नमुना मी मंगळवारीच घेतलाय.
बाईंनी शेवटी नळी घेतली,
दारातल्या फटीतूनच परत दिली.
महिन्यानं यादी आली.
दोघींच्या आकड्यांपुढे एकच खूण.
मी दोघींना वेगवेगळं बसवून सांगितलं,
दोघींनी एकच विचारलं,
"घरी कळेल का?"

लोचना ओव्हाळ मात्र हसलीच.
नवरा जाऊन अकरा वर्षं झाली.
"गॅसचं पुस्तक ठेवलंन, टपरीचं कर्ज ठेवलंन,
आणि म्हणजे हेही ठेवलंन?"
नक्की कधीचा ते सांगता येत नाही, म्हटलं,
कुणाचं नाव घेता येत नाही.
"मी कुठं नाव घेतलं?" म्हणाली,
आणि चपला शोधू लागली.
दवाखान्यात व्हिनेगर लावून बघतात,
पांढरा डाग उठला तर पुढचं.
तिला नाही उठला.
येताना तिनं मला वडापाव खायला घातला,
सोबत तळलेल्या दोन मिरच्या.

आज एक नळी उरली.
एकतिसावी घेऊन झाली आणि
बत्तिसावीच्या दाराला कुलूप, गावी गेलेत म्हणे.
रहमतच्या मोरीत मी पडदा ओढला.
बाहेर पायरीवर बसून फॉर्म भरला,
माझंच अक्षर, माझंच वय.
प्रश्न अकरा,
याआधी कधी तपासणी केली होती का?
गेल्या सात महिन्यांत
किती जणींना विचारलाय मी हा,
नाही म्हटलं की भुवई उंचावून.

नऊ आकडा लिहिला.
नऊ म्हणजे उत्तर दिले नाही.
मग खोडला.

बर्फ वितळायच्या आत पोचायला हवं,
आणि सिंहगड रस्त्यावर
कुठलीच गाडी हलत नाहीये.