दोन मिनिटं

पुण्यात दोन मिनिटं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.
"दोन मिनिटांत निघालोच" म्हणणारा
अजून तोंडाला साबण लावून उभा असतो.
पण लोहगावच्या धावपट्टीच्या तोंडाशी,
डिसेंबरात, सकाळी सात वाजून चार मिनिटांनी,
दोन मिनिटं म्हणजे एकशेवीस सेकंद,
आणि ते मोजायला माझ्या पाठीमागे एक खोकं बसलं होतं.

निळं. पट्ट्यांनी बांधलेलं.
कागदावर लिहिलं होतं हृदय.
शेजारच्या सीटवरून अनीस तांबोळी हळूच म्हणाला, काळीज.

त्याच्यासाठी शहर थांबलं होतं.
ढोले पाटील रस्त्यापासून सगळे सिग्नल हिरवे,
गुंजन चौकात दुधाच्या टेम्पोंची रांग,
हवालदार शिट्टी दातांत धरून, वाजवायची विसरून.
नऊ मिनिटांत खोकं इथं.
आणि इथं, पुढ्यात कुणीच नसताना, आम्ही उभे.

"समोर तर मोकळं आहे," डॉक्टर घैसास म्हणाल्या.

मोकळं होतं खरं.
वायुदलाचं चार इंजिनांचं धूड नुकतंच उठून गेलेलं,
वाघोलीवर ठिपका, मग ठिपकाही नाही.
यांना कसं सांगू
की एवढं जड उचलताना हवेला जो पीळ पडतो
तो त्या जडाबरोबर निघून जात नाही.
पंखांच्या टोकांवरून सुटतो, आडवे दोन भोवरे,
सावकाश खाली येतात,
जमिनीला टेकले की दोहोंकडे सरपटतात,
आणि वारा त्यांना मोडतो. वारा असेल तर.

वाऱ्याची नारिंगी पिशवी खांबाला लोंबत होती,
धुऊन विसरलेल्या मोज्यासारखी.

बारामतीला ढमढेरे सर शिकवायचे:
वादळाला भिऊ नका, ते सांगून येतं.
निवांत सकाळी भ्या.
आम्ही हसायचो. सर चहा ओतत राहायचे.

"त्यांना सांगा ना, जबाबदारी आमची."
"डॉक्टर, जबाबदारीला पंख नसतात," असलं काहीतरी मी बोलले,
आणि बोलल्याबरोबर लाजले.
टॉवरला विचारलंच नाही.
बत्तीस. तेहतीस.

कुंपणापलीकडे कुणाची तरी शेकोटी.
धूर सरळ वर,
ओळंबा उलटा टांगावा तसा.
कांबळं पांघरलेला एक माणूस, उकिडवा.
सत्तर. ऐंशी.
ब्याण्णवाव्या सेकंदाला, पान हललं नसताना,
धुराला कुणीतरी कमरेत धरलं,
ओलं पातळ पिळावं तसं पिळलं,
आणि आडवं फेकून दिलं.
माणूस उठून उभा राहिला.
कांबळं सावरत त्यानं वर पाहिलं.
वर काही नव्हतं.

डॉक्टरांनीही पाहिलं. मग त्या काही बोलल्या नाहीत.

त्या धुडानं जिथं नाक उचललं होतं
त्याच्या कितीतरी अलीकडे मी चाकं सोडवली.
त्याच्या वाटेच्या वर राहणं आमच्या बळाबाहेरचं दिसलं
तशी डावीकडे वळायची परवानगी मागून घेतली.
तरी वळताना एकदा
डावा पंख कुणी मनगट धरून ओढावा तसा खाली गेला.
मी सगळं उजवीकडे लोटलं.
काही झालं नाही.
म्हणजे, काहीच झालं नाही, पंख वर येईना.
खोक्याची पट्टी करकरली.
अनीस कुणाचं तरी नाव घेत होता, माझं नव्हतं.
मग हवेनं हात सोडला.

नागपूरपर्यंत डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं नाही.
एक तळवा खोक्यावर, सपाट,
झोपलेल्या पोराच्या पाठीवर ठेवतात तसा.

ते काळीज कुणाच्या छातीत लागलं, चाललं की नाही,
आम्हाला कळवत नाहीत. नियम आहे, बरा आहे.
त्या शेकोटीवाल्याला मात्र मी एकदा शोधायला गेले,
खांदवेनगरच्या अंगानं, कुंपणाच्या कडेकडेनं.
तीन विटा, राख, करपलेलं पातेलं.
कुत्रं भुंकलं.
डोक्यावरून एक विमान गेलं
आणि मी, उगाच, जागच्या जागी
मोजत उभी राहिले.