उत्पादक

संकेश्वरी मिरचीचे देठ खुडून
बोटं रात्रभर पेटायची.
चटणी मात्र ‘घरचीच’,
म्हणजे कुणाचीच नाही.

यंदा आजऱ्यात डंकावर
नऊ जणींची मिरची एकदम पडली.
अख्खी गल्ली शिंकली.
बायाक्का वजनकाट्यापुढं हटून बसली:
पाव म्हणजे पाव,
चिमूटभर जास्त नाही,
नणंदेलासुद्धा.

लक्ष्मीपुरीत लेबल छापणाऱ्या पोरानं विचारलं,
‘उत्पादक म्हणून मालकांचं नाव घालू न्हवं?’

मालन गप्प.
कांदा-लसणाचा वास तेवढा
छापखान्यात फिरत राहिला.

मग बोटं पदराला पुसून
तिनं त्याचाच पेन घेतला
आणि चौकटीत लिहिलं,
मालन,
इतकं मोठं
की आडनावाला
जागाच उरली नाही.