चोथा

शनिवारी दुपारी क्लाइव्ह पेगेट
कुंपणावरून बादली देतो,
हात विजारीला पुसतो, म्हणतो, गरम आहे, जपून.
झाकण काढलं की वाफ,
आणि वाफेत कुठूनतरी
मोड आलेल्या नाचणीच्या
ओल्या पंच्याचा वास.

जव आहेत हे.
भिजवले, मोड आणले, भाजले, भरडले,
मग तासभर कढत पाण्यात बसवले.
गोडवा पाण्यात गेला,
पाणी पिंपात गेलं,
उरलं ते माझ्याकडे.

पहिल्यांदा मी एवढंच विचारलं होतं,
यात हॉप्स पडले का?
नाही, ते नंतर, दुसऱ्या भांड्यात.
हॉप्स कुत्र्याला विष, हे वाचून माहीत होतं.
बिअरबद्दल बाकी काही नव्हतं,
बर्टनमध्ये एकवीस वर्षं काढून,
जिथे वारा फिरला की
दोरीवरच्या साड्यांनाही धान्याचा वास लागतो.

चार वाट्या चोथा, घट्ट पिळून.
दोन वाट्या कणीक. एक अंडं.
शेंगदाण्याचं लोणी, बरणीवरची बारीक अक्षरं
चष्मा लावून वाचलेलं,
कुत्र्यांना बाधते ती साखर त्यात नाही ना म्हणून.
मीठ नाही, ओवा नाही.
दर वेळी हात मिसळणाच्या डब्याकडे जातो
आणि ओशाळून परत येतो.

लाटते. कातण्याने कापते.
कातणं सांगलीचं, त्याला एकच आकार येतो.
तर मॅबेल शंकरपाळे खाते.

मॅबेल क्लाइव्हची. ग्रेहाउंड.
पाचव्या वर्षी शर्यतीतून निवृत्त,
आता सोफ्यावर अशी पडते
की कोणी छत्री मिटून ठेवलीय.

दिवाळीत डर्बीहून आलेल्या खासनीसांनी
चुकीचा डबा उघडला.
मी चहा गाळत होते.
खुसखुशीत झालेत, ते म्हणाले, गोडाला बेतानं,
आणि आणखी चार घेतले.
मी काही बोलले नाही.
अजूनही बोललेली नाही.

मार्चमध्ये डॉक्टरांनी क्लाइव्हला सांगितलं, थेंबही नको.
यकृत.
त्याने मला ते कुंपणावरून सांगितलं,
डोळे पिवळट, आवाज असा
की उद्या कचऱ्याची गाडी येणार नाही.
मला वाटलं, संपल्या बादल्या.
कातणं पुसून खालच्या खणात टाकलं.

शनिवारी बादली आली.

मी बादलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.
तिला काय सांगू? तो म्हणाला.
मागे मॅबेल, शेपटी फाटकावर आपटत.

आणि ते पाणी? तपकिरी, गोड, पंचवीस लिटर?
ओततो.
गुलाबांना नाही, मुंग्या लागतात.
मोरीत. सावकाश, नळ सोडून.
तेवढा वेळ रेडिओ लावतो.

ओव्हन आधी एकशेऐंशीवर, अर्धा तास.
मग एकशेदहावर दोन तास, नुसतं वाळवायला,
ओल राहिली तर चौथ्या दिवशी बुरशी धरते.
हे दोन तास तो माझ्या स्वयंपाकघरात बसतो.
आधी ही त्याची पबची वेळ होती,
हे आम्ही दोघं बोलत नाही.
तो चहा पितो, कप हँडलाने न धरता
अख्ख्या पंजात धरतो.
मी पेपरातलं शब्दकोडं वाचते,
तो अर्धी उत्तरं चुकीची देतो.

काल ताट बाहेर काढलं
तर त्याने एक उचलला, तोंडात टाकला,
बराच वेळ चावत राहिला.
गोड नाही, म्हणाला.
नाही, मी म्हटलं,
गोड तू ओतून आलास.

मग कोणीच काही बोललं नाही.
मॅबेलने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि मान लांब करून
टेबलावरचा, अजून गरम,
एक आपला आपण घेतला.