शेऱ्याचा रकाना

दाभोळीच्या हँगरात दुपारचे तीन.
पुढ्यात तक्ता: डावीकडे 'अ', उजवीकडे 'ब',
आणि खाली उतरत जाणारे तेरा रकाने.
पल्ला. वजन. पंख मिटल्यावरची रुंदी.
न वापरलेली क्षेपणास्त्रं घेऊन जहाजावर परत उतरता येतं,
की ती समुद्रात सोडून द्यावी लागतात.
इंजिन उतरवायला किती तास, किती माणसं.
चौदावा रकाना शेऱ्याचा.
तो तीन आठवडे कोरा आहे.

'अ'चे पंख मिटत नाहीत.
टोकं काढून ठेवली तर जहाजाच्या लिफ्टमध्ये
तिरकं मावतं, दोन्हीकडे वीतभर राखून.
त्याची दोन आसनांची आवृत्ती जहाजावर येणारच नाही;
म्हणजे गुरू धावपट्टीवर थांबणार,
समुद्र ज्याचा त्याने एकट्याने शिकायचा.
'ब' पंख मिटून उभं राहतं
चिंब कावळ्यासारखं, कमी जागेत.
दोन आसनांचंही उतरतं.
पण जड आहे. पूर्ण भार घेऊन चढणीच्या टोकावरून सुटलं
तेव्हा क्षणभर पोटात खचलं.
मी पाहत होते. हातातला चहा
तसाच हातात राहिला.

कोपऱ्यात आठशे सतरा.
त्याचा चाकाचा पाय आठशे नऊला दिला,
रडार आठशे बाराला, काचेचं छत गेल्या पावसाळ्यात कुणाला तरी.
पोरं त्याला कर्ण म्हणतात.
सुटे भाग मागवले की उत्तर येतं, सहा महिने;
सहा महिन्यांनी उत्तर येतं, सहा महिने.
म्हणून तर हा तक्ता.

चीफ आग्नेल कार्दोज, राहणार चिखली,
एकतीस वर्षं याच छपराखाली, ऑक्टोबरात निवृत्त.
माझ्या खांद्यावरून तक्ता वाचून म्हणाला,
"मॅडम, वास्कोच्या बाजारात इसवण घेताना
कोळीण वजन सांगते, आपण ऐकतो.
पण कल्ला उघडून बघतो की नाही?"

चाचणीला 'अ' आलं त्या दिवशी
त्याने परक्या तंत्रज्ञाला खुणेनेच
पोटाखालची एक झडप उघडायला लावली.
घड्याळ काढून खिशात ठेवलं.
हात आत घातला, कोपरापर्यंत,
डोळे मिटून, गालाने पत्र्याला टेकून,
म्हशीच्या पोटातलं वासरू चाचपावं तसा.
बराच वेळ.
पंपाच्या मागचा नट बोटांना लागेना.
मग त्याने प्रांजलला हाक मारली,
सहा महिन्यांपूर्वी भरती झालेली, मनगट बांगडीएवढं.
तिचा हात गेला. नट सापडला. ती हसली.
आग्नेलने हात पुसले आणि मला सांगितलं,
"लिहा. विमान चांगलं. हात बारीक लागतील."

'ब'चीही झडप उघडली.
तिथे त्याचा हात गेला,
पण नट उलट्या आट्यांचा,
आणि त्याच्या तोंडून जी कोंकणी निघाली
तिच्यासाठी चौदा रकाने पुरले नसते.

मी दोन्ही शेरे जसेच्या तसे लिहिले.
तक्ता वर गेला, मग त्याच्याही वर.
टंकून परत आला सहीसाठी:
'देखभाल: दोन्ही समाधानकारक.'
मी सही केली.
नाही, खरं सांगायचं तर आधी दोन दिवस केली नाही,
मग केली.

आता साडेचार. आमची उड्डाणं संपली,
धावपट्टी प्रवाशांना दिली;
खिडकीखिडकीतून मोबाईल आमच्या पत्र्यांवर रोखलेले.
आग्नेल बादली घेऊन आठशे सतरापाशी गेलाय.
पुढल्या महिन्यात ते बोगमाळोच्या रस्त्याने
ट्रॅक्टरमागे ओढत नेतील, हे त्याला माहीत आहे.
गोड्या पाण्याने तो पंखाचा सांधा धुतोय,
जिथे मीठ आधी बसतं,
आणि शेजारी प्रांजल उभी, बाह्या दुमडून;
तो तिला सांगतोय, इथे नाही, आतून.